जळालेल्या डोंगराखालचा तांडा

सेनगावच्या स्टँडसमोर आम्ही वनखात्याची माणसं चहाला बसलो, की कुणीतरी जळालेल्या डोंगराचा विषय काढतोच. एकातून एक गोष्ट निघत जाते आणि दुसरा चहा मागवावा लागतो.

त्या उन्हाळ्यात तांड्यामागच्या डोंगराला वणवा लागला. मी तिथला वनरक्षक. हिरव्या फांद्यांनी आग झोडपताना माझ्या भुवया जळाल्या. घरी गेलो तर बायको बघतच राहिली. म्हणाली, "आता तुमी रागावलात तरी कळणार न्हाई."

*

वणवा विझल्यावर आमचे वनपाल खंदारे साहेब वर गेले आणि त्यांनी राखेवर बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी मुरलंच नाही, सरळ खाली पळालं. साहेब म्हणाले, "जोराचा पाऊस झाला की ही माती दगडं घेऊन तांड्यात उतरते."

नाल्याकाठचं पहिलं घर कमळाबाईंचं. त्या हसल्या. "नाल्याला पाणी दरसालच येते, साहेब."

साहेबांनी त्यांना डोंगरावर नेलं आणि बाटली त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ओतून पाहिली. पाणी तसंच खाली पळालं. घरी येताच नवऱ्याला म्हणाल्या, "शेळ्या सोडा. वर माळावर बांधू."

आभाळात ढगाचा पत्ता नव्हता.

*

मग तांडाच कामाला लागला. जळालेले बुंधे उतारावर आडवे टाकले, नाल्यात दगडांचे बांध घातले.

जोराचा पाऊस आला तो दुपारी. वरून आवाज आला, टिप्पर गिट्टी ओततो तसा. सगळे माळावरच्या शाळेत पोचले होते, फक्त कमळाबाईंचे सासरे बाजेवरून उठेनात.

"माझा जन्म हितलाच हाय. मी काहून जाऊ?"

मी आणि साहेबांनी त्यांना बाजेसकट उचललं. चढावर ते वरून बजावत होते, "हळू चाला. पाय सरकून राहिले तुमचे."

मागे काळा चिखल आणि दगड घरंगळत आले. बरेचसे बांधांनी अडवले. कमळाबाईंची एक भिंत पडली. माणूस सोडा, शेळीसुद्धा गेली नाही.

*

पाऊस उघडल्यावर हिंगोलीहून मोठे साहेब पाहणीला आले. कमळाबाईंच्या अंगणात गुडघाभर गाळ होता. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचं काय काय गेलं?"

"आमचं काय गेलं न्हाई. डोंगराचं गेलं."

त्यांनी गाळाने भरलेली पाटी साहेबांपुढे ठेवली.

"त्याची माती त्याला वापस न्यायची हाय. जरा हात लावा."

साहेबांनी बूट काढले.