मुरलीच्या ग्लासाचा गंज

स्टेनलेस स्टीलला गंज का चढतो? हा प्रश्न मला सिंदेवाहीजवळच्या एका गावात सोनाबाईंनी विचारला. त्यांचा मुलगा, नायक मुरली, माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे माझ्या हाताखालच्या तुकडीत, होता. तो गेल्यावर त्याचा नाव कोरलेला ग्लास मीच त्यांच्या हाती दिला होता.

"हवालदार भाऊ, इस्टीलले जंग चढत नाई म्हणते. मंग याले काऊन चढला? नावबी पुसट झालं. माह्या पोराचाच हाय ना हा? का दुसऱ्याचा आणून देल्ला?"

आमची पोस्ट भामरागडकडच्या जंगलात, नदीकाठी होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग चहा. मुरली चहाचा ग्लास सरळ निखाऱ्यावर ठेवी. मी रागावलो की म्हणे, "साब, ग्लास माहा, चहा माहा. चटका तुमाले काऊन?"

एका पावसाळ्यात नदी चढली. पलीकडच्या टोल्यावर, छोट्या वस्तीत, एक बाळंतीण अडकली होती. मुरली ढिवराघरचा, मासे धरणाऱ्यांचा, तलावात वाढलेला. रस्सा घेऊन तोच पाण्यात उतरला. रस्सा पलीकडे बांधला गेला. त्याच्या आधाराने बोट गेली आणि बाळंतीण सुखरूप अलीकडे आली. मुरली सर्वांत शेवटी निघाला.

मी पोस्टवर वायरलेस सेटपाशी होतो. नदीवरून आवाज आला.

"रस्सा छूट गया. एक जवान पानी में. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर," मी म्हणालो.

सेट नुसता खरखरत राहिला. चुलीपाशी मुरलीचा चहा ग्लासात तसाच होता. पाणी उतरल्यावर मुरलीचा देह सापडला.

मी सोनाबाईंना विचारले, "बाई, ग्लासाचे रोज काय करता?"

"मिठाची गरम पेज भरून ठेवतो त्याच्यासाटी, चुलीपाशी. सकारी तारेनं घासतो."

उत्तर त्यातच होते. या पोलादात क्रोमियम असते. हवा लागली की त्याचा न दिसणारा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो. मात्र ऊब, ओल आणि मीठ एकत्र मुक्कामाला राहिले, की तो जागोजागी फुटतो. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत मीठ बसते. घासायच्या लोखंडी तारेचे कण मागे राहून गंजतात. आणि जेथे स्टील निखाऱ्यावर तापून निळसर पडते, तेथे डागाखालचे क्रोमियम आधीच उणावलेले असते.

मी ग्लास उपडा केला. बुडाला निळा-तपकिरी डाग होता; गंज त्यावरच दाट होता.

"बाई, हा डाग आमच्या चुलीचा. ग्लास मुरलीचाच."

त्या बराच वेळ डागावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"मीठ आणि तार, दोन्ही बंद करा," मी म्हणालो.

"तार सोडतो. पन अळणी पेज त्याले चालत नव्हती, भाऊ."

ग्लास अजून चुलीपाशीच असतो. त्यावरचे नाव आता वाचता येत नाही. म्हणून येथे लिहितो: नायक मुरली.

वाचकांनी केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. स्टीलचे दोन जुने ग्लास घ्यावेत. एकाचे बूड निखाऱ्यावर निळे पडू द्यावे आणि त्यात रोज मिठाचे गरम पाणी ठेवावे. दुसरा धुऊन, पुसून कोरडा ठेवावा. घाई न करता, स्वतः पाहावे.