हातावरचा नंबर

पद्मावतीबाई पहिल्यांदा हरवल्या तेव्हा गल्लीला हसू आलं. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय! अंबरपेठेतून निघालेली बाई नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात सापडली, आणि एकेका भाजीवालीला विचारत होती, "देगलूरची गाडी गेली का गं माय?" सुनेला, त्रिवेणीला, मात्र हसू आलं नाही. देगलूर सोडून सासूबाईंना चाळीस वर्षं झाली होती.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. पुढच्या सहा महिन्यांत त्या आणखी चारदा हरवल्या. पोटभर जेवून उठायच्या आणि "सून उपाशी ठेवते" म्हणून शेजारी सांगत फिरायच्या. मुलगा अरविंद पाटणचेरूला औषधांच्या कारखान्यात होता. सकाळी सहाला जायचा, रात्री आठला यायचा. आईला न्हाऊ घालणं, तिचं भरलेलं लुगडं धुणं ही बायकांची कामं, एवढं बोलून तो मोकळा. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "एज है अम्मा, क्या करते?" आणि त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. ताकद सासूबाईंच्या पायांत होतीच, तीच तर पंचाईत होती.

त्रिवेणी नल्लकुंट्यात दोन घरी स्वयंपाक करायची. त्यातल्या एका घरच्या अलकाताई पुण्याच्या, नवरा कॉम्प्युटर कंपनीत. दुखण्याचं नाव पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं, डिमेन्शिया. शिवाय अशा पेशंटच्या घरच्यांसाठी महिन्यातून एकदा सभा भरते, तीही सांगितली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हॉटेलच्या हॉलमध्ये, सगळं इंग्रजीतून.

"तू जाच त्रिवेणी. मन मोकळं होतं."

"आणि तेवढा वेळ आत्याबाईंपाशी कोण बसंल, ताई?"

अलकाताईंना हे सुचलंच नव्हतं. सांभाळणाऱ्यांची सभा, आणि तिला जायचं तर सांभाळणं सोडून जायचं! बाई मनाने चांगल्या होत्या, पण चांगलं मन दाराशी बसून राखण करत नाही.

राखण केली ती नामदेवरावांनी. एक पाय पोलिओने गेलेला हा माणूस त्रिवेणीच्या घरासमोर एसटीडीचा बूथ चालवायचा. ती कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायची. रोज ते लावताना आपण कसाई आहोत असं तिला वाटायचं. बूथमधून नामदेवराव खिडकीकडे हाक मारायचे, "काकू, गाडीला टाइम हाय अजून. बसा निवांत." आणि काकू बसायच्या.

पण कुलूप तरी किती पुरणार? लुगड्याला शिवलेली पत्त्याची चिठ्ठी सासूबाई उसवून टाकायच्या, पत्ता घालून गळ्यात बांधलेला ताईत तोडायच्या. एका गोष्टीला मात्र त्या कधी ओरबाडत नसत, ते म्हणजे डाव्या हातावरचं तुळशीचं गोंदण. तासन् तास त्यावरून बोट फिरवत बसायच्या. शहाण्या होत्या तेव्हा म्हणायच्या, "सोनं-नाणं इथंच राहतं गं. गोंदण तेवढं बाईसंगं जातं." ते आठवलं आणि त्रिवेणीच्या डोक्यात विचार आला.

"जनावराला डाग देतात तसं आईला डागतीस?" अरविंद भडकला.

"मग उद्यापासून तुम्ही बसा त्यांच्यापाशी."

जानेवारीत नामपल्लीला नुमाइश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, लागली तेव्हा त्रिवेणी सासूला घेऊन गेली. गोंदणवाल्याने मशीन काढलं, तशी पद्मावतीबाईंनी नव्या नवरीसारखा हात आपणहून पुढे केला. तुळशीच्या खाली नामदेवरावांच्या बूथचा नंबर उतरला. घरी फोन नव्हताच. मशीन चालू होतं तोवर त्रिवेणी दुसरीकडे बघत राहिली.

आणि नंबर उपयोगी पडला. काचीगुड्याच्या स्टेशनातून फोन आला, चिक्कडपल्लीच्या मिठाईवाल्याकडून आला, एकदा तर पार सिकंदराबादेहून. दर वेळी नामदेवराव कुबडी खटखटवत दाराशी यायचे, "वहिनी, काकू सापडल्या. चला." मध्येच टेलिफोनवाल्यांनी सगळ्या नंबरांपुढे दोनचा आकडा वाढवला, तर त्रिवेणीने पुढच्या नुमाइशीत तोही गोंदवून आणला. तो जरा वाकडा आला. गल्लीतले लोक म्हणाले, म्हातारीच्या हातावर डिरेक्टरीच छापून घ्या. त्रिवेणीनेही त्यांच्याबरोबर हसून घेतलं. त्या वर्षांत ती हसली ती तेवढीच.

मग मोबाइल आले. आधी शेठलोकांच्या हातात, नंतर भाजीवाल्याच्या. बूथसमोरची रांग आटली. दोन हजार पाचच्या दिवाळीत नामदेवराव निजामाबादला भावाकडे निघाले. जाताना दाराशी आले, पण आत बसले नाहीत.

"वहिनी, लाइन काटून टाकाया लागली. काकूंच्या हातावर नवा नंबर घालून घ्या. लवकर."

त्रिवेणीने मान हलवली. अरविंदने तिला जुना मोबाइल आणून दिला होता, त्याचा नंबरही तिने पाठ केला. पण सासूबाईंची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, बांगडी लागली तरी रक्त यायचं. शिवाय जुना नंबर खोडायचा, तर त्याच्यावर सुई मारायची. त्या बिचाऱ्या हाताची पाटी किती वेळा पुसायची? तिचा जीव धजेना. नुमाइश लागू दे, मग बघू, असं तिने ठरवलं. नुमाइशीला दोन महिने होते.

कार्तिकातल्या एका सकाळी नळाला पाणी आलं. त्रिवेणी दार नुसतं लोटून, घागर घेऊन कोपऱ्यावर गेली. रांग होती, एका बाईशी वादही झाला. परत आली तर दार सताड उघडं आणि सासूबाईंच्या चपला उंबऱ्यापाशी. समोर बूथच्या जागी मोबाइलच्या रिचार्जचं दुकान झालं होतं, तिथला माणूस म्हणाला, "देख्या नहीं अम्मा."

पोलीस म्हणाले, बुढ्ढी है, आ जाती. अरविंदने आठ दिवस रजा काढली. त्रिवेणी फोटो घेऊन स्टेशनं, देवळं, दर्गे, दवाखाने फिरली. एक घर सुटलं, अलकाताईंनी दुसरी बाई ठेवली. एकविसाव्या दिवशी ठाण्यातून निरोप आला.

शहराबाहेर, हायवेच्या कडेला निराधार बायकांचा आश्रम होता. तिथल्या बाईने फोटो बघितला आणि वही उघडली. "परसों गुजर गए. निमोनिया. वारस मिला नहीं, आज सुबह जला दिए." मग तिने वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "हात पे नंबर था ना. मैं रोज लगाई. ये नंबर मौजूद नहीं बोलता."

अरविंद भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. त्रिवेणीने विचारलं, "कुछ बोले?"

"सबकू तिरवेणी बोलते थे. खाना दिए तो तिरवेणी, नहलाए तो तिरवेणी. तिरवेणी कौन है?"

गेली चार वर्षं घरात सासूबाईंनी त्रिवेणीला नावाने हाक मारली नव्हती. "ए बाई" म्हणायच्या, नाहीतर "चोरटी".

"मैं," त्रिवेणी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये अरविंद म्हणाला, "तू तुझ्याकडून सगळं केलंस." इतक्या वर्षांत तो हे पहिल्यांदाच बोलत होता. त्रिवेणी आपल्या डाव्या हातावरून बोट फिरवत राहिली. गोंदण तेवढं बाईसंगं जातं. बंद पडलेला नंबर घेऊन आत्याबाई गेल्या होत्या, आणि तो त्यांच्या हातावर तिनेच घातला होता.