बसलेली स्प्रिंग

वळणावर फार झुकते, म्हणून माझ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारला नव्या, कडक स्प्रिंगा घालायला दिल्या होत्या. गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही जुन्या स्प्रिंगा फरशीवर शेजारी शेजारी उभ्या होत्या. उजवीकडची बोटभर बुटकी दिसत होती. "ही बसलीय," मिस्त्री म्हणाले, आणि सहज विचारलं, "साहेब, गाडीतनं एकटेच फिरता काय?"

इतकी वर्षं त्या लोखंडानं माझं वजन मुकाट्यानं सोसलं होतं, आणि शेजारची सीट रिकामी असते हेही लक्षात ठेवलं होतं. 'ही वेगाची गाडी, हिला जास्तीचं वजन नको,' असं घरात मीच सांगत आलो. "बरं, मी रिक्षानं येते," असं बायको एकदा म्हणाली होती. मला तेव्हा ती थट्टा वाटली.

संध्याकाळी गाडी घेऊन आलो. नव्या स्प्रिंगांवर ती ताठ उभी होती. सवयीनं एकट्यानंच घाटापर्यंत जाऊन यावंसं वाटलं. पण मी हॉर्न वाजवला. बायको फाटकापाशी आली.

"झालं का काम?"

मी डावीकडचं दार उघडलं. "एक बाजू बसायची राहिलीय. ये."