ब्रोकरच्या ऑफिसातले खडकीचे गृहस्थ

प्रिय चिनू आणि मीरा,

विजेच्या गाड्या बनवणाऱ्या त्या कंपनीचे शेअर घे, असा तुमचा आग्रह, म्हणून मी बुधवार पेठेतल्या ब्रोकरच्या ऑफिसात गेले. तिथे निवृत्त मंडळी भिंतीवरच्या स्क्रीनसमोर बसून त्याच कंपनीवर वाद घालत होती. भाव सकाळपासून घसरत होता.

शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ, किल्ल्या आणि अंगठी काढून टेबलावर ओळीने ठेवली. मी पाहतेय हे बघून म्हणाले, "खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो. धोक्याच्या जागी शिरताना अंगावर धातू ठेवायचा नाही. सवय राहिली."

"पुढे सगळ्या गाड्या विजेच्याच येणार!" एक जण म्हणाला.

"आणि कंपनीचा नफा? दुर्बीण आणू का?" दुसऱ्याने विचारलं.

तेवढ्यात या गृहस्थांचा फोन वाजला. "हो गं, फंडाचे पैसे एफडीतच आहेत," असं बायकोला सांगताना त्यांची नजर स्क्रीनवर होती. मग त्यांनी फोन ठेवला.

"निवृत्तीचा सगळा फंड यातच घातलाय," ते मला हळूच म्हणाले. मग उठून ब्रोकरपाशी गेले. "माझे सगळे विका."

शेअर विकले गेले आणि थोड्याच वेळात भाव चढू लागला.

"काका, घाई केलीत!" मंडळी हसली.

"चढू दे हो. पैसे आले की एफडी करतो. म्हणजे तिला सांगितलं ते खरं होईल."

ते शांतपणे जिना उतरून गेले.

मुलांनो, त्या कंपनीचं पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. मी मात्र शेअर न घेताच परत आले. शेअर घ्यायला जातेय, हे तुमच्या आजोबांना मी सांगितलंच नव्हतं.