फौजदाराची जखम

लक्ष्मीअक्का नसत्या, तर आज मी कोकणात आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत बसलो असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर अक्कांनी असल्या माणसाला ठेवून घेतलंच कशाला, असं तुम्हाला वाटेल. (मलाही वाटतं.)

अक्का म्हणजे आमच्या मालकांच्या आई. सोलापुरात त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, तिथलं सुताचं गोदाम सांभाळतो. मागच्या खोलीत मी आणि बायको सुनंदा राहतो. उंदीर सूत कुरतडायला लागले, तेव्हा मी एक बोका आणला आणि मालकांना छातीवर हात ठेवून सांगितलं, "महिन्याभरानंतर एक उंदीर दिसला तर मला घरी पाठवा." बोक्याचं नाव फौजदार.

पुढे फौजदाराच्या मानेवर गाठ आली, फुटली, आणि हळद लावून लावून मी थकलो तरी जखम भरेना. जनावरांच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा काढून घेतला.

"टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी दिसतंय. माणसाला होणारा आहे का, ते जंतूची जनुकं तपासल्यावरच कळेल. नमुना पुण्याला पाठवतो, वेळ लागेल. तोवर त्याला वेगळा ठेवा."

सुनंदा म्हणाली, "जंतूचंसुद्धा कूळ काढतात? माझ्या बाबांनी तुमचं काढलं असतं तर."

घाबरट माणसाच्या पोटात काही राहत नाही. कुणी विचारायच्या आत मी मालकांना सांगून मोकळा झालो. मागावरच्या रमेशने ते ऐकलं आणि तो खोकला. आता टॉवेलच्या कारखान्यात सुताची धूळ उडते, सगळे कायमच खोकतात. पण त्या दिवसापासून प्रत्येक खोकला फौजदाराच्या नावावर जमा.

"बोका कुरवाळून त्याच हातानं ह्येनं चहा दिलाय की आमाला," रमेश म्हणाला. "दोगांलाबी गावाला धाडा."

मालकांना ते पटत चाललं होतं. नेमका तेव्हाच मी खोकलो. (भीतीने.)

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "रिपोर्ट येऊ दे की. तवर कुणी कुटं जायाचं न्हाय. ह्याला आन् बोक्याला गच्चीवर ठिवा. सुनंदा माज्याजवळ ऱ्हाईल."

सोलापूरचा उन्हाळा आणि उघडी गच्ची. अर्ध्या दिवसात माझी खात्री पटली की मला टीबी झाला, कारण अंग तापलं होतं. (पाण्याची टाकीही तापली होती.) सुनंदा बादलीला दोरी बांधून भाकरी वर पाठवायची, अक्का ताक पाठवायच्या. ताक फौजदार प्यायचा आणि टाकीच्या सावलीत झोपायचा. सावली एकापुरतीच होती.

शेवटी एकदाचे डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. माग बंद करून सगळे अंगणात जमले.

"माणसाला होणारा नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठ काढू, औषध देऊ, बरा होईल."

मी गच्चीवरूनच हात जोडले. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"हा जंतू उंदरांत असतो. बहुतेक याला उंदीर चावला असणार."

रमेश खोकला येईस्तोवर हसला.

मालकांनी वर बघितलं. "फौजदाराला उंदीर चावला? मागनं, मानंवर? पळत हुता काय? आन् एक उंदीर दिसला तर घरी पाठवा, आसं कोन म्हनलं हुतं?"

माझी बॅग डोळ्यांपुढे आली.

"दिसला कुटं?" अक्का म्हणाल्या. "नुसता चावलाय."

फौजदार आता ठणठणीत आहे. गोदामात उंदरांचे पिंजरे मीच लावतो, तो लांब बसून बघतो. अक्का, तुमचे उपकार मी एक दिवस फेडीन. फौजदाराच्या वाट्याचेही मीच फेडीन, त्याच्यावर विसंबू नका.