विहाराच्या भिंतीवरचा बुद्ध

माझे वडील म्हणजे पोपट पेंटर. जुन्नरच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात त्यांचं नाव. अण्णा कधी लाजले नाहीत. लाजायचं काम माझ्याकडे. पुण्यात चित्रकलेच्या पदव्युत्तर वर्गात कुणी विचारलं, की मी सांगायचे, वडील शेती करतात. निमगाव सावात अर्धा एकर होती आमची, म्हणून ते अगदीच खोटं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घालायचे.

२००४ साली शेवटच्या वर्षाला सरांनी आम्हाला जगात उभं करायचं मनावर घेतलं. चित्राची किंमत कशी सांगायची, करार कसा वाचायचा, स्वतःबद्दल न अडखळता कसं बोलायचं. एका गॅलरीच्या बाई येणार होत्या. प्रत्येकाने आपल्या दहा कामांचे फोटो वहीत लावायचे होते. माझी नऊच झाली. दहाव्या पानावर मी आमच्या विहाराच्या भिंतीचा फोटो चिकटवला. अण्णांनी रंगवलेला बुद्ध. खाली नाव नव्हतं, कारण बुद्धाच्या पायाशी आपली जाहिरात करायची नाही हा त्यांचा नेम. त्या नेमाचा फायदा त्यांच्याच पोरीने उचलला.

बाईंनी नऊ पानं भराभर उलटली आणि दहाव्यावर थांबल्या. पुण्यातल्या एका इमारतीची मोठी भिंत त्यांना रंगवून हवी होती. "हे प्रत्यक्ष बघायचंय," त्या म्हणाल्या. तेव्हाच सांगता आलं असतं.

रविवारी बाई आणि सर गावी आले. अण्णांना मी एवढंच सांगितलं होतं, की पाहुणे विहार बघायला येतायत. ते इस्त्रीचा सदरा घालून तयार. बाई भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"प्रज्ञा, इतकं चांगलं काम केलंस, मग सही का नाही केलीस?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं सगळं. खरं सांगायचं तर, संपावं असंही वाटलं.

"मीच नको म्हनलं, मॅडम," अण्णा म्हणाले. "बुद्धाखाली आपलं नाव कशाला? मी आपला रंग कालवून दिला. बाकी समदं तिचंच."

बाईंनी तिथल्या तिथे पुण्याची भिंत मला दिली, सरांनी माझी पाठ थोपटली आणि मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

गाडी गेल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, पण अण्णांच्या डोक्यात भलतंच होतं.

"पुन्याची भिंत लई उंच असंल. तुला एकटीला झेपायची न्हाई. मी येतो. कुनी इचारलं तर म्हन, रंग कालवाया आलाय."

मी नको म्हणाले नाही. महिनाभर अण्णा परांचीवर चढून रंगवत होते. बाईंची गाडी फाटकात दिसली, की घाईघाईने खाली उतरायचे, ब्रश माझ्या हातात द्यायचे आणि डब्यातला रंग ढवळत बसायचे.