टीव्हीपुढचा गार्ड

आमच्या घरी क्रिकेटमधला शेवटचा शब्द आईचा असे. पंच विचारात असतानाच ती निकाल देऊन मोकळी व्हायची, आणि रीप्ले बहुतेक वेळा तिच्याच बाजूने साक्ष द्यायचा. स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेली वेताची खुर्ची ही तिची जागा. तिथून कुकरही आवाक्यात राही आणि मैदानही. महिला संघाचा सामना असला की शेजारची छत्तीसगढी दीदी आमच्याकडे येई, आणि अपील झाले की ती टीव्हीकडे न बघता आईकडे बघे. आईने शाळेत असताना कबड्डी गाजवली होती. तिला खेळ कळतो, याविषयी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत दुमत नव्हते.

त्याच आईने निकाल देणे बंद केले. आधी तिला उशीर होऊ लागला. झेल घेऊन खेळाडू नाचू लागल्या की ती विचारायची, "अच्छा, लागला होता का?" मग सामना ऐन रंगात आलेला असताना ती भाजी निवडायला आत जाऊ लागली. मी कारण विचारले तेव्हा ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मले चेंडू दिसूनच नाही राहिला. वय झालं आता. तुम्ही पहा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले, मोतीबिंदू नव्हता. चष्म्याचा नंबरही तोच निघाला. बुद्धविहारातल्या फलकावरची बारीक अक्षरे ती मागच्या रांगेतून वाचत होती. तरीही वयाचा तो निष्कर्ष तिने स्वीकारून टाकला होता, आणि येत्या रविवारी महिला संघाचा अंतिम सामना असताना तिने जाहीर केले की आपण त्या दिवशी फक्त भजी तळू.

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले आहे, एका प्रयोगशाळेत काम करते आणि पुढच्या संशोधनासाठी मोठ्या संस्थांची दारे ठोठावते आहे. पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष मला दुसऱ्याच्या प्रबंधातही सहन होत नाही. आईच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. मी ठरवले, अंतिम सामना आई त्याच खुर्चीत बसून बघेल. माझा पहिला संशय टीव्हीवर होता. तो जुना होता आणि भिंतीच्या मानाने लहानही. मी मोबाईलमध्ये तुलनेचा तक्ता तयार केला आणि शनिवारी आई-बाबांना घेऊन शोरूम गाठली.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून निवृत्त झालेले. वस्तू नवी आली की ती नवीच राहिली पाहिजे, हे त्यांचे तत्त्व. आमच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे, फ्रिजच्या दारावरची पातळ फिल्म अजून निघालेली नाही, आणि गाडीच्या सीटवर बसले की उन्हाळ्यात चर्रर्र असा आवाज येतो. नव्या टीव्हीला त्यांचा विरोध होता, पण आमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी ते आले.

विक्रेत्याने सर्वांत मोठ्या पडद्यासमोर आम्हाला उभे केले. पडद्यावर रंगीत मासे पोहत होते.

"मैडम, कलर देखिए. एकदम जिंदा मछली है."

"भैया, मछली नहीं लेनी है," मी म्हणाले. "क्रिकेट लगाइए."

"मासोळ्या बाजारात पाहून घेऊ," बाबा मागून पुटपुटले.

त्याने नाइलाजाने एक जुना सामना लावला. आई जरा दूरच, हाताची घडी घालून उभी होती. काही चेंडू तसेच गेले. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हा आत आला." पुढच्या चेंडूला, "हा हळू टाकला तिनं. हातातूनच समजते."

विक्रेता वळला. "आंटी, आप खेलती थीं क्या?"

"हव," आई म्हणाली. "कबड्डी."

माझा तक्ता जिंकला होता. मोठा टीव्ही घ्यायचा आणि विषय संपवायचा. पण एकाच निरीक्षणावर थांबणे मला जमत नाही. मी आईला कोपऱ्यातल्या सर्वांत स्वस्त, आमच्या टीव्हीपेक्षाही लहान असलेल्या पडद्यासमोर नेले. तिथेही तिला चेंडू दिसला. मी तिला एका बाजूला, घरातल्या खुर्चीसारखे तिरपे उभे केले. तरीही दिसला. डोळे निर्दोष होते, आकार निर्दोष होता, तिरपी जागाही निर्दोष होती. मग घरी काय होते, जे इथे नव्हते?

उत्तर बाबांनी दिले, आणि तेही न मागता. विक्रेता म्हणत होता, "सर, बड़ा वाला ले लीजिए. साथ में स्क्रीन गार्ड भी लगवा देंगे." बाबांनी ताठ मानेने हात हलवला. "गार्ड नको. गार्ड आहे ना घरी. तोच लावू याच्यावर."

मी मोबाईलमधला तक्ता बंद केला.

"भैया, आज कुछ नहीं लेंगे," मी म्हणाले.

"अरे मैडम, कुछ तो लीजिए! इतना मैच दिखाया."

बाबांचा चेहरा उजळला. "पोट्टी शिकली, ते आज कामी आलं." परतताना बूढापाऱ्याच्या तलावाजवळ गर्दीत अडकलो, तेव्हा आई समोरच्या बसमागची जाहिरात वाचत होती; मी तेही मनात टिपून ठेवले.

गार्ड म्हणजे टीव्हीच्या पडद्यापुढे लावायचे पारदर्शक ॲक्रिलिकचे तावदान. टीव्ही आला त्याच आठवड्यात बाबांनी ते आणले होते, आणि इतक्या वर्षांत ते आम्हाला दिसेनासे झाले होते. रायपूरमध्ये कारखान्यांची काळी धूळ सकाळी पुसावी तर दुपारी पुन्हा हजर असते. बाबा रोज ओल्या फडक्याने तो गार्ड मनापासून पुसत. त्या धुळीत लोखंडाचे कण असतात आणि ॲक्रिलिक मऊ असते. म्हणजे बाबा रोज, अत्यंत प्रेमाने, गार्डला पॉलिश पेपर लावत होते.

हे कुणाच्या लक्षात का आले नाही, याचेही उत्तर सोपे होते. बाबा समोरून बातम्या बघतात, तिथे पडदाभर चेहरे असतात. मी सगळे मोबाईलवर बघते. तिरप्या जागेवरून, खिडकीचा उजेड अंगावर घेतलेल्या पडद्यावर, एवढासा पांढरा चेंडू शोधणारी घरात आई एकटीच होती.

घरी पोचताच मी टीव्ही बंद करून मोबाईलचा टॉर्च गार्डवर धरला. उजेडाभोवती हजारो बारीक ओरखडे गोल गोल चमकू लागले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. गार्ड ज्यांनी बांधला होता त्या मागच्या पट्ट्यांना मी हात घातला.

"काहून काढून राहिली तू?" बाबा उभे राहिले. "धूळ पाहिली का इथली? गार्ड होता म्हणून टीव्ही टिकला."

"टीव्ही टिकला, बाबा. पण दिसायचं कमी झालं."

"मले तर साफ दिसते."

"तुम्हाला नाकं दिसतात. चेंडू बघायचाय."

"नवा घेतला नाही, आता जुना खराब करते!" त्यांनी आईकडे अपील केले. "तू तरी सांग हिले."

आई दारात उभी होती. ती गार्डकडे बघत राहिली, टॉर्चच्या त्या गोल जाळ्याकडे. मग म्हणाली, "काढू द्या तिले. तुमचं काय जाते?"

गार्ड निघाला. मी लगेच सामना लावायला रिमोट उचलला, पण आईने थांबवले. "आता नको. उद्या पाहू." ती आत गेली, आणि मला प्रथमच कळले की तिला भीती वाटत होती. शोरूममधल्या पडद्यांनी तिला एक आशा दिली होती. ती घरच्या खुर्चीत मोडली असती, तर वयाचा निष्कर्ष मग कायमचा झाला असता.

रविवारी दीदी आली. आईने भजी आधीच तळून ठेवली आणि पदराला हात पुसत खुर्चीत बसली. सुरुवातीची षटके तिने कुठलाही निकाल न देता नुसती बघितली. बाबा दर षटकानंतर पडद्याजवळ जाऊन धूळ बसली का ते बघत होते. "अहो, बाजूला व्हा, फील्डिंग दिसून नाही राहिली," ती म्हणाली. मी दीदीकडे पाहिले. दीदी हसली.

सामना शेवटी एका भागीदारीवर अडला. समोरच्या दोघी आमच्या हातातून करंडक काढून नेत होत्या. तेवढ्यात आमच्या फिरकी गोलंदाजाचा एक चेंडू बॅटीजवळून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. अर्धवट अपील झाले. पंचाने नकारार्थी मान हलवली. समालोचकांना काही दिसले नव्हते, मला नाही, बाबांना नाही. कर्णधार द्विधा मनाने गोलंदाजाकडे बघत होती.

"लागला!" आई उभी राहिली होती. "बॅटीले लागला! घे ना रिव्ह्यू, बाई, काय पाहून राहिली!"

दीदीने सवयीने आईकडे बघितले आणि टाळी वाजवली. "हव, आउट हे!"

कर्णधाराने हातांची खूण केली. रिव्ह्यू घेतला गेला. बाबा पडद्यासमोरून हलायचे विसरले, म्हणून मी त्यांना दंडाला धरून ओढले. चेंडू बॅटीपाशी आला आणि आवाजाच्या सरळ रेषेवर एक टोकदार उंचवटा उमटला. बाहेर गल्लीत कुणीतरी ताट वाजवले. बाबा मोठ्याने ओरडले, "पाहिलं? टीव्ही चांगलाच आहे आपला!"

मी विजयाने वेताच्या खुर्चीकडे वळले. ती रिकामी होती. कुकरची शिट्टी झाली होती, आणि आई गॅस बंद करायला आत गेली होती. रीप्ले तिने पाहिलाच नव्हता.